एफीआत्या आणि झोपडीतला वुल्व्हरीन

माझी एफीआत्या चोपन्न वर्षांची असताना तिचा नवरा आबेल गेला. आमच्या, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या ग्विचिन जमातीतल्या, बायकांना शिकार नवी नाही. पण त्या वयात, नवऱ्यामागे बंदूक उचलून डोंगराकडे निघालेली गावात ती एकटीच. शेजारणी म्हणायच्या, "तुला मांस काय कमी पडणार आहे? घरोघरचं येईलच की."

"येईल," आत्या म्हणायची, "पण कॅरिबूची जीभ आजवर कोणी शेजारणीला दिलीय का?"

बायका हसायच्या, कारण त्या रानहरणाची जीभ, सगळ्यात चविष्ट तुकडा, कोणीच देत नाही.

आबेल गेल्यानंतरच्या मार्चमध्ये ती तिच्या दिराबरोबर, लॅझरसबरोबर, वरच्या खोऱ्यात गेली. तीन कॅरिबू मिळाले. एका खेपेत सगळं मांस येईना, म्हणून निम्मं त्यांनी आबेलने बांधलेल्या लाकडी झोपडीत टांगलं, दार घट्ट लावलं आणि गावाकडे आले. तिसऱ्या दिवशी उरलेलं आणायला दोघं परत गेले, तेव्हा बर्फात पावलं उमटलेली होती. पाच बोटांची, तिरकी, तीन-तीनच्या गठ्ठ्यांनी पडलेली.

"वुल्व्हरीन," लॅझरस म्हणाला. "वहिनी, थांब. मी बंदूक काढतो."

पण आत्या थांबली नाही. छपरावरची माती आणि शेवाळ धुराड्याभोवती उकरलेलं तिला दिसलं होतं. भोक माणूस उतरेल एवढं मोठं होतं. फावडं उचलून तिने धाडकन दार उघडलं.

आत जो वास होता, तो ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगावा लागत नाही. वुल्व्हरीन जे खाऊ शकत नाही त्यावर मुतून जातो, म्हणजे दुसऱ्या कोणी तोंड लावू नये. सगळं मांस वाया गेलं होतं. आणि तो स्वतः बाकाखाली होता, एका फऱ्यावर पुढचे पाय रोवून. मध्यम कुत्र्याएवढं अंग, झुबकेदार शेपूट, पण गोठलेलं हाड कडाकडा फोडणारा जबडा. तो गुरगुरायला लागला.

"बाहेर ये वहिनी!" लॅझरस ओरडला. "दारातून बाजूला हो!"

तिने फावडं हाणलं. ते बाकाला लागलं. दुसऱ्यांदा हाणायला तिने हात उचलला आणि तो सुटला. छपरातलं भोक उंच, दारात ती उभी, दुसरी वाट नाही. तो तिच्यातूनच जाणार होता. त्याने तिचा उजवा हात मनगटाच्या खाली, जाड हातमोज्यासकट धरला. हाड मोडल्याचा आवाज आत्याला ऐकू आला. ती म्हणायची, दुखलं नंतर. आधी आवाज.

तिथे ती ओढाताण करती तर हात गेला असता. पण तिने ओढायचं थांबवलं. भिंतीला पाठ लावून, पाय घासत घासत ती दारापासून सरकली. दारातला उजेड मोकळा झाला. त्याला बाहेरचा बर्फ दिसला असावा. पकड किंचित सैल होताच तिने हातमोज्यातून हात काढून घेतला. हातमोजा तोंडात धरून तो लॅझरसच्या पायाशेजारून निघून गेला.

लॅझरसने गोळी झाडली नाही. गावात लोकांनी त्याला मोठ्या मनाचा ठरवलं, तेव्हा तो वैतागून म्हणाला, "मोठं मन कसलं? नेमाच्या रेषेत वहिनी होती. ती एका बाजूला सरकायची तर हा दुसऱ्या!"

आत्याला विमानाने व्हाइटहॉर्स शहरातल्या इस्पितळात नेलं. हात वाचला, दोन बोटं मात्र पुरती वळेनात. ती मूस या दांडग्या हरणाच्या कातड्याच्या चपलांवर मण्यांची फुलं भरायची. लग्न ठरलं की लोक तिच्याकडेच यायचे. दोन हिवाळे ती डाव्या हाताने सुई धरायला शिकत होती. पहिली फुलं पाहून लॅझरस म्हणाला, "ही फुलं आहेत की मोडके कोळी?" त्याच चपला त्याने मग फाटेस्तोवर घातल्या.

एकदा मी मणी निवडून देत होते. ती आपणहून म्हणाली, "मी त्या दिवशी त्या जनावरावर चिडले नव्हते गं."

"मग?"

"धुराड्याजवळचं छपर ढिलं झालंय, नीट कर, असं आबेलला तीन उन्हाळे सांगत होते. 'करतो गं' म्हणायचा. ते भोक पाहिलं आणि वाटलं, हा बघ, करायचं सोडून निघून गेला. हाणायला समोर कोणीतरी हवं होतं."

तिने सुईत दोरा ओवला.

"तो बिचारा मुकाट्याने जेवत होता. दार मी उघडलं. दारात मीच उभी राहिले."

पुढे गावातली नवी शिकारी पोरं तिला विचारायची, वुल्व्हरीन अंगावर आला तर गोळी कुठे मारायची. ती म्हणायची, "आधी मला सांग, तू उभा कुठे आहेस? त्याची जायची वाट तुझ्यातून जाते का? जात असेल तर आधी तू हल. मग बंदुकीचं बोलू."

गेल्या सप्टेंबरात ती एकाहत्तर वर्षांची होती. होडीने नदीच्या वरच्या वळणावर जाऊन आम्ही दोघींनी एक कॅरिबू पाडला. मी आतडी काढून बाजूला ठेवली, मांस पाठीवर बांधलं, आणि विलोंच्या झुडपात वुल्व्हरीन दिसला. वीस पावलांवर. मी बंदूक उचलली.

"खाली कर," आत्या म्हणाली. "पाठ दाखवू नकोस. तिरकी चाल. आणि बोल."

"काय बोलू?"

"काहीही. माणसं आहेत हे त्याला कळू दे."

मग तीच मोठ्या आवाजात त्याला लॅझरसची गाऱ्हाणी सांगायला लागली: घोरतो कसा, चहात साखर किती घालतो, तिची करवत नेली ती अजून दिली नाही. आम्ही खेकड्यासारख्या तिरक्या सरकत होतो. तो मान वाकडी करून ऐकत उभा राहिला. मग हळूच पुढे आला, आतड्यांच्या ढिगावर पाय ठेवला आणि आमच्याकडे बघायचं सोडून दिलं.

होडी दिसेपर्यंत आत्या बोलत राहिली. होडीत बसल्यावर मात्र तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, दोर मलाच सोडावा लागला.