पावडरच्या डब्याची बाहुली

दापोडीच्या रुळांलगतच्या गल्लीत कस्तुराच्या घरातून टाकाऊ म्हणून काही बाहेर पडत नसे. फ्यूज उडालेल्या बल्बचा पोपट व्हायचा, काडेपेट्यांची आगगाडी, दुधाच्या बाटल्यांच्या चंदेरी झाकणांचे दागिने. रिकामा डबा दिसला की गल्लीतली पोरं तो घेऊन आधी कस्तुरामावशीकडे पळत. तिची एक सवय मात्र पोरांना गमतीची वाटे. खेळणं कुठलंही असो, ती सगळ्यांत आधी डोळे रंगवायची. नुसत्या कोऱ्या बल्बवर दोन काळेभोर डोळे टक लावून बघायला लागले की मगच चोच आणि पंख. "आधी डोळे," ती म्हणायची, "बाकीचं ऱ्हायलं तरी चालतंय." पोरं हसत. मोठी माणसं हसत नसत, कारण त्यांना छबू आठवत होती.

रंगाचे मार्कर घरात यायचे ते नवऱ्यामुळे. ज्ञानदेव कंपनीत इन्स्पेक्शनला होता. मशीनवरून उतरलेला नग मापायचा. ठीक असला तर हिरव्या मार्करनं बरोबरची खूण करायची आणि खाली स्वतःचा नंबर, सतरा. चुकलेल्या नगावर लाल फुली. सुकत आलेले मार्कर साहेबांना विचारून तो घरी आणायचा आणि कस्तुरा टोकाला स्पिरिटचा थेंब देऊन ते आणखी आठवडाभर चालवायची. माणूस इतका कडक, की ताटातली भाकरीसुद्धा उलटीपालटी करून बघायचा. "मारा एकदा लाल फुली," ती चिडून म्हणायची.

छबू त्यांची एकुलती एक, सात वर्षांची. आईनं केलेलं प्रत्येक खेळणं ती संध्याकाळी बापापुढे ठेवायची. ज्ञानदेव तोंड गंभीर करून ते हलवायचा, कानाशी न्यायचा आणि बुडाला हिरवी खूण करायचा. खूण झाल्याशिवाय छबू खेळायला घेत नसे. एकदा सोंड निसटते म्हणून पुठ्ठ्याच्या हत्तीला लाल फुली मिळाली, तर पोरीनं तो निमूट आईकडे दुरुस्तीला आणून दिला होता.

चौऱ्याहत्तर सालच्या एका शनिवारी पावडरच्या रिकाम्या डब्याची बाहुली झाली. पोटात चिंचोके, अंगावर जुन्या लुगड्याच्या काठाचा परकर, वर चिंध्यांचं डोकं आणि लोकरीच्या दोन वेण्या. डोळे तेवढे राहिले, कारण काळा मार्कर ठार सुकला होता आणि हिरवे डोळे छबूला नको होते. "सोमवारी तुझं बाबा काळा आनत्यात, मग रंगवते," कस्तुरा म्हणाली. रविवारी पोरीला ताप चढला. दिवसभर ती बाहुलीला कवटाळून पडून होती. सोमवारी उजाडता तिला दवाखान्यात नेलं, पण पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

घरात कोनाड्यात काजळाची डबी होती. हे कस्तुराला आठवड्यानं आठवलं आणि मग कधीच विसरता आलं नाही. बोटाला काजळ लावून दोन ठिपके द्यायचे, एवढंच काम होतं.

बाहुली तिनं छबूच्या फ्रॉकमध्ये गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवली. पण रूळ दाराशी. गाडी गेली की घर थरथरायचं, ट्रंक थरथरायची आणि आत चिंचोके वाजायचे. कारण कस्तुराला ठाऊक होतं. कारण ठाऊक असलं म्हणून भीती जाते थोडीच? कधी कधी गाडी लांब गेल्यावरही चिंचोके वाजत राहत आणि त्यात तिला स्वच्छ ऐकू येई, आई, डोळे. मग ती हातातलं काम टाकून दाराबाहेर जाऊन उभी राही. ज्ञानदेवनं सुरुवातीला दोनदा बाहुलीचं नाव काढलं, तर ती ताटावरून उठून गेली. त्यानंतर सात वर्षं घरात तो विषय निघाला नाही.

एक्क्याऐंशीला त्यांना चिंचवडला, रुळांपासून लांब, दोन खोल्या मिळाल्या. सामान बांधायला शेजारची नजमा आली. ट्रंकेकडे बघून म्हणाली, "कस्तुराबाई, नव्या घरात हे असं नेऊ नका. एकदाचे डोळे रंगवून द्या. पोरीचा जीव अडकला असंल तर सुटंल, तुमचा पण सुटंल."

नजमा गेल्यावर कस्तुरानं काळा मार्कर घेतला, हातावर ओढून बघितला आणि ट्रंक उघडली. डोळे आले आणि बाहुलीनं खरंच आपल्याकडे बघितलं तर? तिनं फ्रॉकची गाठ सोडली. त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून बाहुली उलटी धरली. डब्याच्या बुडाला हिरवी खूण होती. खाली सतरा.

ज्ञानदेव पहिल्या शिफ्टहून साडेतीनला परतला, तेव्हा ती तशीच बसली होती. "हे कधी केलंत?" तिनं विचारलं.

तो बांधलेल्या वळकटीवर टेकला. "रविवारी. तू नळावर गेली हुतीस. मला म्हनली, बाबा, पास करा. मी म्हनलं, डोळे न्हाईत, कसं पास करू? तर म्हनली, हायेत की. झाकल्यात. झोपलीय ती."

कस्तुरानं बाहुली सुलटी करून त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"मग केली पास," तो म्हणाला. "तुला सांगनार कसं? नाव काढलं की तू उठून जायचीस."

कस्तुराला आधी राग आला, नवऱ्याचा आणि त्याहून स्वतःचा. पोरीनं डोळे मागितलेच नव्हते. सात वर्षं ती जे ऐकत होती, ते तिचं तिलाच ऐकू येत होतं. मग मात्र तिला रडू आवरेना. पुष्कळ वेळानं तिनं डोळे पुसले आणि मार्कर त्याच्यापुढे धरला. "तुमी रंगवा."

ज्ञानदेवनं मान हलवली. "पास झालेल्या मालाला परत हात लावत न्हाईत, कस्तुरा."

तिनं मार्करला टोपण लावलं. रविवारी टेम्पो आला. सगळं सामान मागे गेलं, बाहुली तिच्या मांडीवर. खड्ड्याखड्ड्याला चिंचोके वाजत होते. कस्तुरानं बाहुलीला आडवं केलं, परकर खाली ओढून नीट केला आणि चिंचवड येईपर्यंत तिला थोपटत राहिली.