थंड प्लाझ्मा

“प्लाझ्माचं मला सांगू नका मॅडम, माझी हयात त्यात गेली,” असं मी डॉक्टरीणबाईंना ऐकवलं, तेव्हा बायकोनं टेबलाखालून माझ्या मांडीला चिमटा काढला. हिंगण्याच्या कारखान्यात मी प्लाझ्मानं लोखंडी पत्रे कापतो. एवढ्या भांडवलावर मी बायकांच्या दवाखान्यात शहाणपणा करत होतो.

बायकोचं अंग बाहेर येतं. धाकट्याच्या बाळंतपणापासून. इतकी वर्षं जुन्या लुगड्याची घडी लावून ती घरातली कामं उपसत राहिली आणि मला वाटायचं, हिला मेलीला उभं राहून जेवायची खोडच आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिच्या न्हाणीची बादली हिला उचलेना, तेव्हा कुठे मला कळलं. तेही लेकीकडून.

अंग वर धरून ठेवायला डॉक्टरीणबाईंनी आत बसवलेली रिंग टिकली नाही. जखम झाली. ऑपरेशन लवकर करा म्हणाल्या, आणि नंतर तीन महिने वजन उचलायचं नाही. बायकोनं ऐकून घेतलं आणि पुढची तारीख टाळली.

मग मी मोबाईलवर वाचलं: थंड प्लाझ्मा. सैल पडलेलं मांस त्यानं पुन्हा बळकट होईल, अशी आशा. चिरफाड नाही. धावत स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला सांगितलं.

दसऱ्याला मशीनच्या पूजेला तिला मीच कारखान्यात नेलं होतं. पत्रा लोण्यासारखा कापून दाखवला होता, छाती फुगवून. तिला तेच आठवलं.

“त्या जाळानं मले शेकता काय जी?”

“थंड असते वं ही ज्योत. हाताले लागत नाही.”

ती पदर तोंडाला लावून हसली. जरा वेळानं म्हणाली, “म्हणजे मले लेकीच्या बाळाले उचलता येईन?”

दुसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरून न्हाऊ घालायचा पाट काढवून घेतला आणि घासून उन्हात ठेवला. आमच्याकडे आजीच पाय लांब करून बाळाला मांडीवर घेते, तेल लावते, न्हाऊ घालते. आता मला त्या पाटाकडे पाहवत नाही.

चिमट्यानंतर डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “काका, ते अजून प्रयोगशाळेत पेशींवर चाललंय. माणसांना कधी मिळेल, मिळेल की नाही, कोणी सांगू शकत नाही. यांची जखम तोवर थांबणार नाही.”

बायकोनं मान हलवली. ऑपरेशनची तारीख तिनंच मागून घेतली. ती नेमकी लेकीच्या बाळंतपणाच्या तोंडावर आली.

परतताना गाडीवर मागे ती तिरपी बसली होती. प्रत्येक खड्ड्याला माझा शर्ट मुठीत धरत होती. मी वाडीपर्यंत बडबडत राहिलो, की विज्ञान फार पुढे चाललंय.

घरी आल्यावर तिनं अंगणातला पाट उचलायला हात घातला, थांबली, आणि तो पायानं माझ्याकडे सरकवला.

“बसा. पाय लांब करा. बाळाले तुम्हालेच न्हाऊ घालावं लागन, मी बाजूले बसून सांगीन. अन् पाणी आधी मले दाखवत जा जी. तुम्हाले कढत न् थंड यातलं काही समजत नाही.”