घोड्याच्या घरातलं प्यादं

त्याच्यावर मी जळायचो. सरळच सांगतो, कारण तेव्हाही ते माझ्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. तो बेलापुरातल्या आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आम्हा दोघांना एकाच पटावर बुद्धिबळ शिकवलं. मी चांगली खेळी केली की नाना नुसतं 'हं' म्हणत. त्यानं केली की ओट्यावरच्या चार जणांना आत बोलावून दाखवत.

बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. नगरला एका शाळेत स्पर्धा होती. शेवटच्या फेरीत आम्ही दोघं समोरासमोर आलो आणि नाना एसटीनं मुद्दाम बघायला आले. बक्षीस गेलं खड्ड्यात, मला त्याला नानांच्या देखत हरवायचं होतं.

झालं भलतंच. त्यानं माझा पार पिट्टा पाडला. शेवटी माझ्याकडे एकटा राजा उरला, त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं. मी हार मानायला हवी होती, पण नाना समोरच्या बाकावर बसलेले. मी एकटा राजा घेऊन खेळत राहिलो.

त्याचं प्यादं घोड्याच्या पट्टीतून शेवटच्या घरात पोचलं. स्पर्धेच्या नियमानं तिथं वजीर घेता येतो, मग माझी मात ठरलेलीच. पण नानांच्या देशी डावात प्यादं ज्याच्या घरात पोचेल, तेच मोहरं होतं. त्याची वेळ संपत आली होती. घाईघाईत त्यानं प्यादं उचललं आणि तिथं घोडा ठेवला. नुसत्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत सुटला.

मी वाचलो, पण नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तडक त्याच्यापाशी गेले.

"सवयीनं हात गेला, नाना," तो खाली बघत म्हणाला.

"जाऊ दे. मी शिकवलेलं तुझ्या हातात हाय अजून," नाना म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्याच्या चुकीचा हेवा वाटावा, अशी वेळ माझ्यावर त्या दिवशी आली. तो घोडा मी ठेवायला हवा होता, असं वाटत राहिलं.

परतीच्या एसटीत नाना आमच्या दोघांच्या मध्ये बसले. आमच्याजवळचा पट बघून पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी मागे वळून विचारलं, कोण जिंकलं?

"दोनी पोरं माझीच हायती," नाना म्हणाले. "जिंकनार कोन?"

मी त्यांचा एकुलता एक मुलगा होतो.