गॅसच्या पिंजऱ्याची चावी

एप्रिलमधल्या एका सोमवारी, भर दुपारी दीड वाजता, चाकणच्या आमच्या कंपनीतली साडेतीनशे माणसं अर्धं जेवण ताटात टाकून गेटाबाहेर उन्हात उभी राहिली, ती माझ्यामुळे. हे वाक्य आज मी सरळ लिहितोय. तेव्हा ते बोलायला मला एकोणीस दिवस लागले.

झालं होतं एवढंच, की गोदामामागच्या पिंजऱ्यातला फोर्कलिफ्टचा एक गॅस सिलिंडर शिट्टी वाजवू लागला. कुकर शिट्टी देऊन थांबतो. हा थांबेना. सायरन वाजला आणि सगळे गेटाकडे पळाले. मी डिस्पॅचचा प्रमुख असल्यामुळे सर्वांच्या पुढे. माझ्या पोटाचा घेर पाहता मी गेटापर्यंत पहिला पोचेन असं कोणालाही वाटलं नसतं. उलट्या दिशेने गेला तो एकच माणूस. वाऱ्याची बाजू धरून, लांब उभा राहून, त्याने पाण्याचा पाइप त्या सिलिंडरवर धरला आणि शिट्टी थांबेपर्यंत हलला नाही. तो बुद्धरत्न.

बुद्धरत्नचं बालपण कासारवाडीला स्टेशनाजवळ गेलं. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. आगीशी लाडात यायचं नाही, हे त्याने घरीच शिकून घेतलं असावं. अकरा वर्षं तो आमच्याकडे कंत्राटी कामगार होता आणि अकरा वर्षं पिंजऱ्याची चावी त्याच्याच गळ्यात होती. पिंजरा म्हणजे चारी बाजूंनी जाळी, वर पत्रा, गोदामापासून आणि गटारापासून लांब. भरलेले सिलिंडर उजवीकडे, रिकामे डावीकडे, सगळे उभे आणि साखळीने बांधलेले.

रोज सकाळी तो श्रीखंडाच्या जुन्या डब्यात साबणाचं पाणी कालवायचा आणि दाढीच्या ब्रशने प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाला फेस लावायचा. बुडबुडा आला, तर गॅस गळतोय. लोक म्हणायचे, "झाली का टाक्यांची दाढी?" तो म्हणायचा, "तुमची राहिलीये, राव. या इकडे."

गॅस भरण्याच्या प्लांटवरून गाडी आली की तो प्रत्येक सिलिंडर वजनकाट्यावर चढवायचा, गळ्यावर कोरलेलं रिकामं वजन त्यातून वजा करायचा आणि उरलेला आकडा खडूने सिलिंडरच्या पोटावर लिहायचा. खडूचा आकडा नसलेला सिलिंडर फोर्कलिफ्टवर चढत नसे.

"मुकुंदराव, टाकीला पोटभर वाढायचं नसतं," त्याने मला एकदा समजावलं. "पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा. उन्हात गॅस फुगतो. त्याला पाय पसरायला जागा लागते." एवढं बोलून त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. "माणसालासुद्धा."

आम्ही एकाच कंपनी बसने येत-जात असू. पिंपळे सौदागरला मी चढलो की माझी खिडकी त्याने रुमाल टाकून धरलेली असे. त्याच्या घरची शेंगदाण्याची चटणी आणि आमच्या वासंतीची थालीपिठं यांची देवघेव त्या सीटवर इतकी वर्षं चालली होती, की कुठली चव कुठल्या घरची हे जिभेला कळेनासं झालं होतं.

त्या वर्षी दोन गोष्टी जुळून आल्या. कायम होणाऱ्या कामगारांच्या यादीत त्याचं नाव लागलं. आणि त्याची मुलगी नेहा वकील झाली. तिच्या पदवीदान समारंभासाठी त्याने शनिवारची रजा टाकली. आजारपण सोडलं तर अकरा वर्षांतली पहिलीच. शुक्रवारी बसमध्ये त्याने गळ्यातली चावी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"कुणाला देऊ नका. आणि वजन केल्याशिवाय आत काही घेऊ नका."

"भाऊ, तुम्ही पेढे आणा. चावीची काळजी सोडा."

शनिवारी नेमकी प्लांटची गाडी आली नाही. दोन कंटेनर दारात उभे, फोर्कलिफ्ट कोरडे, आणि फोनवर ग्राहक. कोणीतरी सांगितलं, हमरस्त्यावरच्या एका दुकानात घरगुती सिलिंडरमधून हव्या त्या टाकीत लगेच गॅस भरून देतात. हे बेकायदा आहे हे मला माहीत होतं. धोक्याचं आहे हेही माहीत होतं. बुद्धरत्नने शंभरदा सांगितलं होतं. मी टेम्पोत दोन टाक्या टाकून पाठवल्या.

दुकानदार मनाचा मोठा निघाला. टाक्या परत आल्या त्या काठोकाठ भरून. गवळ्याने मापावर थोडं दूध जास्त ओतावं तसा मला आनंद झाला. एक टाकी त्याच दिवशी संपली. दुसरी मी पिंजऱ्यात उजवीकडे, उन्हाच्या बाजूला उभी केली. वजन केलं नाही. खडू सापडला नाही. खरं तर शोधलाच नाही.

सोमवारी सकाळी बुद्धरत्न पेढ्यांचा पुडा घेऊन आला. नेहाचा काळ्या गाउनमधला फोटो त्याने मला फोनवर चारदा दाखवला. चावी घेतली. थोड्या वेळाने ब्रश हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"मुकुंदराव, उजवीकडच्या एका टाकीवर खडू नाही."

"पुसला असेल," मी म्हणालो. तोंडात त्याचाच पेढा होता. "वजन मी स्वतः केलंय."

"तुम्ही केलंत ना? मग झालं."

अकरा वर्षांत त्याने न जोखलेली ती एकच टाकी. रविवारभर आभाळ होतं म्हणून निभावलं. सोमवारी दुपारी ऊन चढलं, आतल्या गॅसला पाय पसरायला जागा उरली नाही, आणि सिलिंडरची सुरक्षा झडप उघडून ती शिट्टी सुरू झाली. पिंजरा मोकळ्या हवेत होता म्हणून कोणाला काही झालं नाही. पिंजरा तिथे असावा म्हणून भांडलेला माणूसही तोच.

चौकशीला सुरक्षा विभागाचे शेखर सर, बुद्धरत्न आणि मी. मध्ये चहा आणि बिस्किटं.

"ही टाकी तुम्ही तपासली होती?" शेखर सरांनी विचारलं.

"नाही," बुद्धरत्न म्हणाला.

"का?"

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बसमध्ये सरकून जागा देताना बघायचा तसंच, आता तुम्ही बसा, अशा नजरेने. ती जागा माझ्यासाठीच ठेवली होती. मी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं आणि मी ते चमच्याने शोधत राहिलो.

"चूक झाली," बुद्धरत्न म्हणाला.

त्याची चावी काढून घेतली. यादीतलं नाव कापलं. त्याला खोक्यांना पट्ट्या मारायच्या कामावर बसवलं. बसमध्ये माझ्या खिडकीवर रुमाल दिसेनासा झाला. तो पुढे ड्रायव्हरमागे बसू लागला. एकदा मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसलो. "बसा, साहेब," असं म्हणून तो उभा राहिला आणि कंपनी येईपर्यंत उभाच होता. साहेब. इतक्या वर्षांत मी त्याचा साहेब कधी नव्हतो.

घरी वासंतीने विचारलं, "चटणी यायची बंद झाली का हो?" मी खोकून विषय बदलला. तिने तो पुन्हा जागेवर आणला. सगळं ऐकून घेतल्यावर पोळपाट उचलून फळीवर ठेवून दिला आणि म्हणाली, "आधी कंपनीत खरं सांगून या. मग डबा." दोन दिवस मी कँटीनचा रस्सा खाल्ला. माझ्या सदसद्विवेकाला जाग आली असं सांगायला आवडलं असतं. पण खरं श्रेय त्या रश्श्याला आहे.

एकोणिसाव्या दिवशी मी शेखर सरांना लिहून दिलं: दुकान, टेम्पो, खडू, पेढा, सगळं. मला लेखी ताकीद मिळाली आणि डिस्पॅचची खुर्ची गेली. बुद्धरत्नला चावी परत मिळाली, आणि त्याचं नाव पुन्हा यादीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंजऱ्यापाशी गेलो. तो टाक्यांना फेस लावत होता. मी माफी मागितली, दोनदा. त्याने ब्रश झटकला आणि पुढच्या टाकीकडे वळला. कसलाही बुडबुडा आला नाही. नेहाला नागपूरला नोकरी लागलीये आणि पुढच्या महिन्यात तिला सोडायला जायचंय, असं कँटीनमध्ये माझ्या कानावर आलं होतं. बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून मी विचारलं, "भाऊ, नागपूरला जाल तेव्हा चावी कुणाकडे देणार?"

त्याने टाकीवरचा फेस पुसला, खडूचा आकडा नीट गिरवला, आणि मान वर न करता म्हणाला,

"रजाच घेणार नाही, साहेब."