मोठ्या मॅडमचा राग

मोठ्या मॅडमना शांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चंद्रपूरच्या आमच्या दवाखान्यात गाठींचे तुकडे तपासणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख; मायक्रोस्कोपला डोळे लावून एकट्याच भांडत असत. तुकड्याचा काप जाड आला म्हणून, रंग फिका पडला म्हणून, आणि उरलेला राग माझ्यावर. तो रास्तच होता. त्यांच्या हाताखाली डॉक्टर म्हणून रुजू होताच मी एका हवेच्या बुडबुड्याला घामाची ग्रंथी ठरवून त्यावर चांगलं व्याख्यान झोडलं होतं.

कापाची काच मिळाली की मी थेट मोठं भिंग लावायचो. मॅडम मूळच्या कोरपन्याच्या, चिडल्या की पुस्तकी मराठी गळून पडायची, ‘का’चं ‘काऊन’ व्हायचं. “आधी गाव पाह्य, मंग घरात घूस,” म्हणत मला सगळा काप एकदम दाखवणाऱ्या लहान भिंगावर ओढून आणायच्या.

एकदा त्या रजेवर असताना एटापल्लीची एक अंगणवाडी सेविका आली. वरच्या ओठावर कडक गाठ. सर्जनसाहेबांनी वरवरचा, मसुराएवढा तुकडा पाठवला. काचेत शेपटीवाल्या बेडूकपिल्लांसारख्या बारीक नळ्या. अशा नळ्या घामग्रंथीच्या निरुपद्रवी गाठीतही दिसतात आणि कॅन्सरमध्येही. त्या वरच थांबल्या की खाली नसांपर्यंत घुसल्या, यावर सगळा निकाल. माझ्या तुकड्याला खाली असं काही नव्हतंच. तरी मी ऐटीत ‘कॅन्सर’ लिहिलं. अर्धा ओठ काढायचं ठरलं.

ऑपरेशनच्या दिवशी मॅडम परतल्या, काच पाहिली आणि तशाच थिएटरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत ती बाई टेबलावर. साहेब म्हणाले, रिपोर्ट तुमच्याच विभागाचा आहे.

“मंग मीच फाडून राह्यली तो. साल खरवडून पाठवता अन् बाईचा ओठ मागता? खोल तुकडा द्या.”

साहेबांनी दिलेल्या खोल तुकड्यात नळ्या वरच थांबल्या होत्या, खाली सगळं स्वच्छ. गाठ तेवढी निघाली, ओठ वाचला.

मी मान खाली घालून उभा. “चुकला याचा राग नाई,” मॅडम म्हणाल्या. “‘यातून सांगता येत नाई’ लिहाले हात दुखते काय तुहे?”

मॅडम निवृत्त झाल्या. जागा अजून रिकामी आहे, आणि ती भरावी असं कोणालाच वाटत नाही, हे आठवलं की माझं डोकं फिरतं.

परवा ती सेविका आईला दाखवायला आली होती. माझ्या खोलीत डोकावून म्हणाली, “त्या चिडनाऱ्या बाई कुठी हाय?”

निवृत्त झाल्या, मी सांगितलं.

“मंग आता कोन चिडते?”

हसून वेळ मारून नेणार होतो. पण समोर सर्जनसाहेबांकडून आलेला, नखाच्या कपच्याएवढा एक तुकडा पडला होता. कोणाचा, अंगावर कुठला, किती दिवसांचा, काही लिहिलेलं नाही. मी त्यांना फोन लावला.

“साहेब,” मी म्हणालो, “हे काऊन पाठवलं?”