चांदणीवरचं मढं

"मढं माझ्या घोडीवर चढणार न्हाई म्हंजी न्हाई."

"अहो मामा, मढं कुठंय? भागवत हाय त्यो. चहा प्यायलाय बघा."

"आता प्यायलाय. तुमी मोबाइल धरला की मरतंय की त्ये."

चारठाण्याच्या पुढं मुरमाची एक सोडून दिलेली खदान आहे. बन्सीधरच्या लेखी ते काउबॉयच्या पिक्चरमधलं अमेरिकेतलं वाळवंट. तिथं बोरीतल्या एका शाळेचा हा क्लार्क डोक्यावर गवती हॅट घालून उभा होता आणि लग्नांना घोडी पुरवणारा आश्रुबा चांदणीचा लगाम मुठीत आवळून त्याच्यासमोर. मधे भागवत, म्हणजे पिक्चरचा हीरो, छातीवर कुंकवाचं पाणी ओतून घेऊन मेला होता आणि कोपरावर रेलून बशीतला चहा ओढत होता.

बन्सीधर हा फार मोठा कलावंत. हे त्याला एकट्यालाच ठाऊक असल्यामुळं जिम्मेदारीही सगळी त्याच्यावरच पडलेली. तरुणपणी त्यानं एका दिवाळी अंकात खुनाची कादंबरिका लिहिली. छापताना शेवटचं पान काढून तिथं साड्यांच्या दुकानाची जाहिरात घातली गेली. खुनी कोण, हे परभणीला अजून कळलेलं नाही. परभणीनं विचारलेलंही नाही. पुढं पिक्चरचं वेड लागलं. पहिल्या पिक्चरमध्ये ऐन शेवटाला मोबाइल भरला. दुसऱ्यात व्हिलन सासुरवाडीला गेला तो परत आलाच नाही. तेव्हा या माणसानं आयुष्यभर गोष्टी सांगितल्या, पण शेवट म्हणून एकीचाही लोकांना दाखवला नाही. यंदा मात्र तो हट्टाला पेटला होता. मेलेला हीरो घोडीवर आडवा, घोडी एकटीच सावकाश मावळतीकडं चाललेली. बस्स.

कलेत त्याचं डोकं विलक्षण चाले. खदानीमागचा मोबाइलचा टॉवर फ्रेममधून काही केल्या हटेना, तर दरोडेखोर टॉवरच लुटायला आलेत असं त्यानं कथेत घालून टाकलं. घोडीचं तर विचारूच नका. वरातीत फटाके वाजले की नाचायचं, एवढंच तिचं शिक्षण. इथं टिकल्यांचं पिस्तूल उडालं की चांदणी पाठलाग सोडून जागच्या जागी ठुमकायला लागे आणि दरोडेखोर बिचारे पुढं जाऊन तिची वाट बघत थांबत. बन्सीधरनं ते तसंच ठेवलं आणि त्याला शैली म्हटलं. त्यानं मोबाइलवर सोडलेले ते तुकडे लोक एकमेकांना पाठवून पाठवून हसले. आता जिंतूर तालुक्यात हीरोला कुणी ओळखत नव्हतं, घोडीला सगळे ओळखत होते.

आश्रुबाचं भांडण नेमकं तिथंच होतं. नवरदेव जिच्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला जातो, तिच्याच पाठीवर मढं लोंबकळताना उद्या गावोगाव दिसलं, तर तिला मांडवासमोर कोण उभी करील? लग्नसराईवरच त्याचं घर चालायचं.

बन्सीधरनं मग विज्ञान दिनाला करतो ते भाषण केलं. अंधश्रद्धेवर लय बोलला. शिकल्या-सवरल्या माणसानं असल्या गोष्टी मानायच्या नसतात, घोडी ती घोडी अन् खोगीर ते खोगीर, वर कुणी का बसंना, असं त्यानं हॅट काढून सांगितलं. आश्रुबानं सगळं ऐकून घेतलं आणि बैलगाडी सुचवली. पण बैलगाडीत आडवा पडलेला भागवत दवाखान्यात निघालेल्या पेशंटासारखा दिसायचा. घोडीला काळा रंग फासू, असं बन्सीधर म्हणाला. ती नाचली की ओळखू येणारच, असं आश्रुबा म्हणाला. चांदणी तेवढ्यात निवांत लीद टाकून मोकळी झाली.

तेव्हा मढ्यानं बशी खाली ठेवली.

"सर, एक विचारू का? दिवाळीनंतर तुमच्या वैदेहीचं लग्न हाय. जावईबापूला हीच घोडी सांगितलीय ना तुमी?"

बन्सीधरनं त्याच्याकडं असं पाहिलं, की हा खरोखरच मेला असता तर बरं झालं असतं.

"तू मेलायस. गप पड."

"न्हाई, मी आपलं सहज..."

पण आश्रुबाच्या चेहऱ्यावरचा राग उतरला होता. तो पुढं आला आणि त्यानं लगाम बन्सीधरच्या हातात दिला.

"घ्या सर. घाला ह्याला आडवं, कसं पायजे तसं. मी मधी येत न्हाई. फकत येवढं सांगा, त्या दिवशी तुमच्या जावयाला हिच्यावर बसवू का नको?"

ऊन कलायला लागलं होतं. बन्सीधरला हवा होता तसाच पिवळा उजेड खदानीवर पसरला होता, अगदी तस्साच. त्यानं हातातल्या लगामाकडं पाहिलं. घोडीच्या पाठीकडं पाहिलं. मावळतीकडंही पाहून घेतलं.

"सर," भागवतनं विचारलं, "मी उठू का असाच राहू?"

बन्सीधरनं लगाम आश्रुबाच्या खांद्यावर टाकला, मोबाइल बंद करून खिशात घातला, तिपाई बगलेत मारली आणि टॉवरच्या दिशेनं चालू लागला.