वरातीतली गाडी आणि तांब्याभर पाणी

धाकट्या भावाच्या लग्नात मी एकच जबाबदारी घेतली, आणि तीही मला कोणी दिलेली नव्हती. "नवरदेव माझ्या गाडीत जाणार!" असं मी भर पंगतीत, मौद्याहून आलेल्या मुलीकडच्यांसमोर जाहीर करून टाकलं. भावाचा चेहरा असा खुलला की शब्द फिरवायची सोय उरली नाही. घोडा सांगायचा तो राहूनच गेला.

गाडी गोऱ्या साहेबाच्या काळातली. बॉनेटचे पत्रे दोन्ही बाजूंनी कानांसारखे उघडायचे. रस्त्यावर ती छान धावे, पण वरातीत गाडी धावत नाही. बँडच्या मागे मुंगीच्या पावलानं जाते, नाचणाऱ्यांसाठी घडीघडी थांबते. तेव्हा इंजिन बंद न पडता हळू चालत राहायला हवं. मिस्त्री लोक त्याला 'स्लो' म्हणतात. आमच्या कार्ब्युरेटरचा नेमका तोच गेलेला. म्हणून आदल्या दिवशी मी भंगारबाजारातून एका जीपचा कार्ब्युरेटर आणला आणि स्वतःच बसवला. त्याच्या बुडाखाली घालायचं पॅकिंग काही मिळेना. घरात उरलेल्या लग्नपत्रिका होत्या, कागद चांगला जाड. एक घेतली, कात्रीनं कापली, बसवली आणि स्वतःवर खूष होऊन आंघोळीला गेलो.

सकाळी गाडी सुरू केली तर ती उभ्या जागी धापा टाकू लागली. घर्रकन चढायची, मरायला टेकायची, पुन्हा घर्र. स्लोचा स्क्रू आवळला की किंचाळायची, सैल केला की बंद. प्लग पुसले, पॉइंट घासले, पेट्रोलची नळी तोंडानं फुंकली. फरक एवढाच पडला की मिशीला दिवसभर पेट्रोलचा वास राहिला.

"दादा, मी सायकलनं जातो ना गा," हळद लागलेला भाऊ म्हणाला. "मले मांडवात पोचायचं आहे, दवाखान्यात नाही."

"चूप बस. नवरदेव आहेस तू."

"दुसरी गाडी सांगा न," बायको म्हणाली. "काहून जिद्द करून राहिले?"

"गरम झाली की सुधरते ती."

संध्याकाळी प्रताप नगरातून वरात निघाली. पहिल्याच थांब्याला गाडीनं उडी घेऊन ढोलवाल्याच्या पोटरीला बंपर टेकवला. तो ठेका न सोडता टुणकन पुढे सरकला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पुढच्या थांब्याला इंजिन बंदच पडलं. मुहूर्त जवळ येत होता. फेट्याखाली भावाचा चेहरा रडवेला झाला. "उतरू का गा, दादा?"

उन्हाळ्यात गाडी नखरे करू लागली की पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, ही आमच्या नागपूरची पद्धत. मी टॉवेल भिजवून टाकला. घाईत तो घसरला आणि कार्ब्युरेटरच्या बुडाशी जाऊन बसला. गाडी सुरू केली, तर एकदम शहाणी! टुकटुक, टुकटुक. टॉवेल वाळला की धापा, पाणी टाकलं की पुन्हा शहाणी.

मग काय! बॉनेटचा एक कान उघडा ठेवला आणि बायको शालूचा पदर खोचून, तांब्या घेऊन गाडीसोबत चालू लागली. मांडव जवळ आला तशी नवरीची आत्या सामोरी आली.

"हे काय करून राहिली वं माय?"

बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली. त्या नजरेचा हिशेब घरी होणार होता. मग ती गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडची रीत आहे, आत्याबाई. नवरदेवाची गाडी थंडी करत नेतात."

"मंग मले बी टाकू दे न वं!"

पाठोपाठ आणखी बायका तांबे घेऊन आल्या. एकीनं तर कार्ब्युरेटरला हळदकुंकू वाहिलं. गाडी धापा न टाकता मांडवाच्या दारात पोचली, आणि भाऊ मुहूर्ताआधी हसत हसत उतरला.

दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर खोलला. पत्रिकेवर सोनेरी, फुगीर छापाचा कलश होता. तो नेमका पॅकिंगच्या कडेला आलेला. त्या फुगवट्यानं फट राहिली होती आणि इंजिन तिथून हवा ओढत होतं. ओल्या टॉवेलनं फट बुजे, एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात भावाच्या मेव्हण्याचं लग्न मौद्याला झालं. गाडी नवी कोरी, बॉनेट बंद, आणि त्यावर आत्याबाई तांब्यानं पाणी ओतताहेत.

"अवं बाई, गाडी चांगली आहे!" ड्रायव्हर ओरडला.

आत्याबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "त्याहिले विचार. त्याहिच्याकडची रीत हाय."

ड्रायव्हर माझ्याकडे पाहू लागला. बायकोही.

"टाका, आत्याबाई," मी गंभीरपणे म्हणालो. "थोडं चाकांवरही."